खाली मोकळं?

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यात माझ्या पदरचं काही नाही. दादानं सांगितलं तेच सांगतोय, आणि दादा थापा मारणाऱ्यांतला नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. उमेदीची वर्षं त्यानं नाटकांच्या रंगमंचावर दिवे टांगण्यात घालवली. आता घरोघरी दुरुस्तीची कामं करतो. रिकामं छत दिसलं की अजूनही त्याचे हात शिवशिवतात. त्यामुळे त्याची लेक, आमची छोटी, जेव्हा म्हणाली की बाबा, मला टेबलाच्या वर कॅमेरा टांगून हवाय, तेव्हा गड्याला आभाळ ठेंगणं झालं.

छोटीचं पायाचं दुखणं जुनं. उभ्याची नोकरी तिला जमेना. दोन वर्षं तिनं घरात गप्प बसून काढली. मग जुनी घड्याळं उघडून साफ करायला लागली, त्याचे व्हिडिओ टाकायला लागली, आणि लोक बघायला लागले. पोरगी पुन्हा हसायला लागली. दादाला आणखी काय हवं होतं?

मागच्या खोलीच्या छताला त्यानं चार बोल्ट ठोकले. साखळ्यांवर दोन लोखंडी पाइप टांगले, त्यांच्यावर सरकणारा तिसरा आडवा पाइप. मधोमध खाली बघणारा कॅमेरा, आणि दोन्ही बाजूंना, दोरानं वरखाली करता येणारे, त्याचे रंगमंचावरचे जुने लाइट. नवे हलके मिळतात, असं छोटी म्हणत होती. जुनं ते सोनं, म्हणून यानं ऐकलं नाही. एकेक लाइट उचलताना माणसाची कंबर बोलेल, एवढा जड.

आणि बरोबर त्याखाली छोटीची खुर्ची.

ते झालं गेल्या नोव्हेंबरात. शनिवार, दुपारचे तीन. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

दादा शिडीवर होता. डावीकडचा लाइट दोर सैल करून हातभर खाली घ्यायचा होता. छोटी स्क्रू आणायला बाहेरच्या खोलीत गेली होती.

रंगमंचावर एक नियम असतो. वरच्यानं दोर सोडण्याआधी विचारायचं, "खाली मोकळं?" खालच्यानं चारी बाजूंनी बघायचं आणि मगच म्हणायचं, "मोकळं." उत्तर आल्याशिवाय दोर सोडायचा नाही. दादाच्या उस्तादांनी हे त्याच्या हाडीमाशी भिनवलं होतं. आता उत्तर द्यायला कोणी नव्हतं, तरी सवयीनं तो बोलून गेला.

"खाली मोकळं?"

आणि खालून उत्तर आलं...

"मोकळं."

दादानं दोर सोडला नाही. का, ते त्यालाही सांगता येत नाही. त्यानं वाकून खाली पाहिलं.

छोटी टेबलाशी वाकून बसली होती. अगदी लाइटखाली. ती कधी परत आली, त्याला कळलंच नव्हतं. तिच्या कानांवर हेडफोन होते.

"तू बोललीस का गं?" त्यानं विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही.

आवाज तिचा नव्हताच. पुरुषाचा होता. तरुण, बेफिकीर, तोंडात बिस्किट असल्यासारखा.

तो आवाज दादानं ओळखला. तो त्याचाच होता... बावीस वर्षांपूर्वीचा.

बावीस वर्षांपूर्वी उस्ताद वर होते आणि दादा खाली. प्रयोगाला दोन तास होते. दादा विंगेच्या बाहेर चहा पीत उभा होता. वरून हाक आली, "खाली मोकळं?" कप खाली ठेवून आत जायचा त्याला कंटाळा आला. न बघताच, बाहेरूनच तो ओरडला, "मोकळं."

खाली रंगमंचाच्या मधोमध पेंटर उकिडवा बसून फरशी रंगवत होता.

दोर सुटला, लाइट त्याच्यावर आला. पेंटर जागच्या जागी गेला. बोल उस्तादांना लागला. विचारलंच नसेल म्हाताऱ्यानं, असं सगळे म्हणाले. दादा मूग गिळून बसला. उस्तादांनी त्यानंतर दोराला हात लावला नाही, आणि मरेपर्यंत दादाचं नावही घेतलं नाही.

त्या नोव्हेंबरातल्या शनिवारनंतर दादा तीनदा शिडीवर चढला. तिन्ही वेळा छोटी खाली होती. तिन्ही वेळा त्यानं तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, प्रश्न विचारलाच नव्हता.

तरीही उत्तर आलं... "मोकळं."

मग त्यानं ठरवलं, हे सगळं काढून टाकायचं. छोटीला काहीतरी कारण सांगून शेजारी पाठवलं. तिनं बाहेरून कुलूप लावलं, दार त्यानं स्वतः आतून ओढून पाहिलं. मागची खोली तपासली. टेबलाखाली वाकून बघितलं. मग चढला. लाइट पाइपवरून सोडवला, सगळा भार दोरावर घेतला.

"खाली मोकळं?"

"मोकळं."

या वेळी तरी खरं आहे, असं त्याला वाटलं. घरात कुत्रंही नव्हतं. त्यानं दोर ढिला करायला घेतला, आणि मनात आलं की हा आवाज आजवर एकदाही खरं बोललेला नाही.

त्यानं खाली पाहिलं...

छोटीच्या खुर्चीच्या जागी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. उजवा हात फरशीवर सावकाश पुढेमागे सरकत होता.

दादाला घाम फुटला. दोर ओला होऊन निसटू बघत होता. डोळे मिटून त्यानं लाइट परत वर ओढला, बोल्ट आवळला, साखळी अडकवली. खाली उतरला तर कोणी नाही. फक्त ताज्या रंगाचा वास.

पुन्हा चढला. पुन्हा तो बसलेला.

खालून बघितलं तर खोली रिकामी. वरून बघितलं तर तो तिथंच.

हे त्यानं मला गेल्या महिन्यात सांगितलं. छोटी आत रेकॉर्डिंग करत होती तोवर दादा तिच्या खुर्चीमागे वर बघत उभा होता; ते संपल्यावर बाहेर येऊन बोलला. रोज असाच उभा असतो म्हणे. तिथं बसू नकोस, असं त्यानं तिला सांगून पाहिलं. तिनं कारण विचारलं. ते सांगायचं तर बावीस वर्षं गिळलेलं सगळं लेकीपुढे ओकावं लागलं असतं. तेवढं त्याच्यानं झालं नाही.

मी म्हणालो, "सोड तू. मी चढतो आणि काढतो."

दादानं माझं मनगट धरलं. 

"तू विचारशील," तो म्हणाला, "तुला उत्तर येईल. आणि तू सोडशील."

मी चढलो नाही. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

छोटीचे व्हिडिओ मी बघतो. कॅमेरा वरून खाली बघतो, हे तुमच्या लक्षात असेलच. तिच्या परवाच्या व्हिडिओखाली कोणीतरी विचारलंय की ताई, तुमच्या टेबलाजवळ खाली कोण बसलंय? छोटीनं हसून उत्तर दिलंय की अहो, बाबांची सावली असेल.

दादा तिच्या मागे उभा असतो. ती आकृती छोटीच्या पुढ्यात, लाइटच्या बरोबर खाली, उकिडवी बसलेली आहे.

व्हिडिओच्या सुरुवातीला, छोटी बोलायला लागण्याआधी, दोन सेकंद शांतता असते, एक उत्तर यायला पुरेल एवढी. मी तिचे व्हिडिओ आता आवाज बंद करून बघतो.