दीपमालाच्या आयडीवर

नीरजा, चार दिवस चालवायला माझा पार्सलच्या अ‍ॅपचा आयडी मागतेस ना? देईन. पण आधी हे ऐक, आणि मध्येच हसू नकोस.

वाशीमहून पुण्यात आले तेव्हा मी तीन-तीन कामं धरली. सकाळी औंधला लोकांची कुत्री फिरवायची, दुपारी स्कूटीवर जेवणाची पार्सलं पोचवायची, संध्याकाळी वाढदिवसांना अस्वलाचा पोशाख घालून नाचायचं. एकदा घाईत अस्वलाचं डोकं काढायचंच राहिलं आणि तशीच पार्सल द्यायला गेले. गिऱ्हाईकाने तक्रार केली, माझा आयडी कायमचा बंद. पार्सलचं काम गेलं की खोली जाणार, आणि खोली गेली की वाशीमला परत. तिथे बाबांनी मुलगा बघूनच ठेवलेला.

तेव्हा दीपमाला म्हणाली, "भाग्यश्री, माझा चालव." माझी रूममेट, आईशीही फोनवर गप्पा मारायची. आता तू झोपतेस ना, तीच कॉट तिची. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. अ‍ॅपने खात्रीसाठी चेहरा मागितला की ती फोनसमोर यायची. मग महिन्यापूर्वी ती कपडे-बिपडे सगळं टाकून कुठे गेली, देव जाणे. फोनही लागत नाही. मागे राहिला तिचा एक पासपोर्ट फोटो. तोच मी कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि अ‍ॅप फसायचं.

काल दुपारी नारायण पेठेत पार्सल होतं. एक ते चारची वेळ. पेठेत तेव्हा कावळासुद्धा दबकून ओरडतो. जुनी इमारत, तिसरा मजला. भर दुपारी जिन्यात अंधार, आणि ओल नि विझलेल्या उदबत्तीचा वास. दुसऱ्या मजल्यावर फोन थरथरला. चेहरा दाखवा. मी फोटो धरला. मग खाली नवीनच काहीतरी आलं... डोळे मिटा.

कागद कसा डोळे मिटणार? वीस सेकंदांत जमलं नाही तर हाही आयडी गेला. मी फोटो तसाच धरून ठेवला. आणि हिरवी खूण आली.

म्हटलं, यंत्रच बावळट! वर जाऊन बेल वाजवली. सत्तरीच्या एक बाई झोपमोड झाल्याच्या चेहऱ्याने दारात आल्या.

"एका पार्सलला दोघी? पुण्यात कामं एवढी कमी झाली?"

"मी एकटीच आहे, आजी."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. आवाज एकदम खाली आला.

"मग ती... पायरीवर बसून झोपलीय, ती कोण?"

मी वळले. जिना रिकामा होता. कशी खाली उतरले, माझं मला माहीत. खोलीवर येऊन फोटो खिशातून बाहेर काढला. डोळे मिटलेले होते गं! छापलेले डोळे! फोटो पालथा करून डब्यात टाकला आणि रात्रभर दिवा चालू ठेवून बसले.

पहाटे ठरवलं, नको हे पुणं. मुलगा तर मुलगा, आपलं घर बरं. सकाळी अ‍ॅपने पुन्हा चेहरा मागितला. मी मुद्दाम माझाच चेहरा समोर धरला. म्हटलं, होऊ दे बंद एकदाचं.

हिरवी खूण आली. 'नमस्कार, दीपमाला.'

आईला फोन लावला.

"आई, मी येतेय घरी."

"कोन बोलते?"

"अगं, मी... भाग्यश्री."

आई हसली. "गंमत करता का दीपमालाबाई? आवाज वळखते मी तुमचा. भाग्यश्री त काल सांजेलेच आली पुन्याहून. तवापासून झोपूनच हाये, डोळेच उघडत नाही पोरगी. उठवू का तिले?"

मी नको म्हणाले.