पोटाला हात लावायचा नाही

सायकलवरून पडलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत आमच्या हॉस्पिटलात आला, आणि मला बघून हसलासुद्धा! आकुर्डीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला निघालेला ज्ञानदेव. हँडलचं टोक उजव्या बरगडीखाली बसलं होतं. हसला... आणि माझ्याच हातांवर कोसळला.

यकृताला जखम होती, पोटात रक्त साठलं होतं. एक्क्याऐंशी सालात अशा पोटावर सरळ सुरी चालायची. पण सलाईन लावल्यावर त्याचं ब्लडप्रेशर टिकून राहिलं. "रक्त आपोआप थांबतंय. उघडायचं नाही, वाट बघायची," मोठे डॉक्टर म्हणाले. "सिस्टर कस्तुरा, याला कुशीवरही वळू देऊ नका. नाडी वाढली की मला बोलवा."

मी त्याचं मनगट धरून बसले.

"सिस्टर, एवढा वेळ हात कुणी धरला नव्हता माझा—"

"बोलू नका. हसूही नका."

"मग तुमच्याकडे बघू?"

"...छताकडे बघा."

तो बघायचा माझ्याकडेच. माझी नाडी कुणी मोजत नव्हतं, म्हणून निभावलं.

मग चाकणहून त्याची आई आली, सोजराबाई. मी औषध आणायला गेले आणि परत येते तो काय, सोजरामावशी कोमट तेलानं त्याचं पोट चोळतायत!

"बेंबी सरकलीया त्याची, बसवते. फुडल्या महिन्यात सुपारी फोडायची हाय, राजगुरुनगरच्या पोरीसंगं."

मी त्यांचा हात मागे ओढला. "मावशी, आतली जखम उघडली तर पोरगं जाईल तुमचं!"

ज्ञानदेव पांढराफटक पडला होता. नाडी धावत सुटली होती. डॉक्टर आले, रक्ताची बाटली लागली, ऑपरेशनची तयारी झाली. मावशी दाराशी बसून तेलाचे हात पदराला पुसत होत्या. देवापुढे हात जोडायची मला सवय नाही, पण त्या दुपारी मी भीक मागितली— याला जगू दे, मग कुणाशीही लग्न करू दे. दिवेलागणीला नाडी हळूहळू खाली आली. सुरी लागली नाही.

तो बोलता झाल्यावर मी विचारलं, "पोटाला हात लावायचा नाही, हे माहीत होतं ना? मग आईला 'नको' का नाही म्हणालात?"

"आईला नाही म्हणायला... जमलंच नाही कधी." मग म्हणाला, "कस्तुरा, तुम्ही कायम जवळ असलात तर— तिला 'नाही' तुम्हीच म्हणत जा ना."

गोड वाटलं. आणि संतापही आला. "जिवावर बेतलं तरी जो गप्प बसतो, त्याच्याजवळ मी का राहू?"

त्यानं मान वळवली. मी बाहेर जाऊन रडले.

घरी जायच्या दिवशी मावशी गाठोडं बांधत म्हणाल्या, "चल बाबा, पाव्हणं खोळंबल्यात."

तो खाट धरून उभा राहिला.

"आये... नको. राजगुरुनगरची सोयरीक नको. मला ह्यास्नी विचारायचं हाय."

मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "आन् ही न्हाई म्हणली तर?"

"नाही म्हणायची मला चांगली सवय आहे, मावशी," मी म्हणाले, "पण आज... जमत नाही."