अर्धशुद्ध मेण

त्या कारखान्यात शुद्धता परवडेल तेवढीच ठेवत. खनिज तेलाचा जड अंश गोठवायचा, कापडी गाळण्यांत दाबून पिळायचा, आणि उरलेल्या मेणाच्या लाद्या बंद, उबदार खोलीत जाळीवर रचायच्या. मग अडकलेले तेल थेंबाथेंबाने पाझरून जाते. पुरते पाझरू दिले, तर मेण पांढरेशुभ्र होते. इथे ते निम्म्यावर थांबवत. स्वस्त मेणबत्त्यांना पिवळे मेणही चालते, हा व्यवस्थापकांचा सिद्धांत. त्यांच्या पदवीपेक्षा तो अधिक कसून तपासलेला होता.

पाझर चालू असताना दार उघडायचे नाही, हा नियम. ऊब गेली की घाणा, म्हणजे त्या खेपेचे सगळे मेण, वाया.

म्हणूनच प्रयोगशाळेतल्या ताई त्या बंद दारावर मुठी आपटत उभ्या होत्या. लाद्या रचायला त्यांचा थोरला भाऊ आत गेला होता, आणि पाळी बदलताना मुकादमाने आत न डोकावताच दार लावले होते.

"साहेब, दादा आत आहे हो! उघडायला सांगा."

"मागच्या दाराने सटकला असेल," व्यवस्थापक म्हणाले. "कामचुकारपणात तुमच्या दादाचा हात कोण धरणार?"

"मागचं दार तुम्हीच विटा लावून बुजवलंत."

"मग आत नसेलच. असता तर ओरडला नसता?"

या तर्काचे खंडन करील असे शास्त्र अजून जन्माला यायचे होते.

पाझर संपला, दार उघडले. आत कोणी नव्हते. लाद्या तेवढ्या शेवटच्या जाळीपर्यंत नीट रचलेल्या.

ताईंनी नेहमीसारखा नमुना वितळवला, तापमापी बुडवली आणि निवणाऱ्या मेणाचा पारा वाचू लागल्या. चोपन्न अंशांवर मेण गोठले. ठीक. पारा उतरत सदतिसावर आला आणि थांबला. खिडकीतून बोचरा वारा येत होता. टेबल निवले, काच निवली, त्यांची बोटे बधिर झाली. मेण सदतिसावरच. त्यांनी दुसऱ्या लादीचा तुकडा घेतला, मग तिसऱ्या. सदतीस. जिवंत अंगाची ऊब.

"हा घाणा मी बाहेर जाऊ देणार नाही," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "आईपुढे न्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

"आईसाहेबांना मेण दाखवणार? शुद्धीवर या, ताई. मेणबत्तीवाल्याची गाडी भरत आलीय."

खिडकीखाली हमाल लाद्या चढवत होते. एकेक लादी उचलताना ते हात झटकून घेत.

व्यवस्थापकांनी बर्फाची बादली मागवली आणि उरलेली लादी स्वतः उचलली.

"नका ठेवू," ताई पुटपुटल्या. "त्याला गारवा सोसत नाही."

तापमापी खोचलेली लादी बर्फात गेली.

"वाचा पारा."

ताई वाकल्या. पारा त्यांनी पाहिलाच नाही.

मेणाच्या गुळगुळीत पिवळ्या पाठीवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बारीक काटा उभा राहत होता.