गाडी उन्हात आणा!

"खोटं! साफ खोटं!" वुलानने पतंगाची फिरकी अशी आपटली, की ती घरंगळत थेट गटाराच्या काठापर्यंत गेली.

"अगं, त्या फिरकीनं तुझं काय घोडं मारलंय?" तिचा दोस्त गिलांग फिरकीमागे धावला. तोंडात तळलेलं केळं असल्यामुळे त्याचे निम्मे शब्द गिळले गेले.

"तू खा! तुला काय! वस्तीतले सगळे माझ्या बापाकना गुन्हेगार म्हणताहेत, आणि तू केळी खा!"

गिलांगने उरलेलं केळं मुकाट्याने खिशात घातलं. बारा वर्षांची वुलान चिडली की तिच्या नादी लागू नये, एवढं त्याला कळत होतं. त्या दोघांबरोबर दहा वर्षांची सेकारही होती. ती मात्र पायरीवर गप्प बसली होती, कारण हे सगळं सुरू झालं होतं तिच्याच आजीपासून.

सोमवारी पहाटे सेकारच्या आजी, म्हबाह कार्सी, नेहमीसारख्या हळदीच्या जामूच्या, म्हणजे औषधी काढ्याच्या, बाटल्या पाठीवरच्या टोपलीत घेऊन निघाल्या होत्या. बांबूच्या वळणावर मागून एका मोटरसायकलने त्यांना उडवलं. बाटल्यांचा चुराडा झाला, आजींचा पाय मोडला, आणि गाडीवाला थांबलासुद्धा नाही! आजींना दिसली ती फक्त एक हिरवी गाडी.

वस्तीत हिरव्या गाड्या दोनच. एक वस्तीचे सचिव पाक हांदोयो यांची, कंपनीतूनच हिरवी आलेली; वडीलधाऱ्या पुरुषांना सगळे मानाने 'पाक' म्हणत. दुसरी वुलानच्या वडिलांची. पाक सुत्रिमान मोटरसायकली रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी काळी गाडी घेतली, आणि हांदोयोंच्या गाडीचा रंग नुसत्या नजरेने हेरून, थेंब थेंब रंग मिसळत, अगदी तसाच हिरवा बनवला. आणि नेमक्या त्या सोमवारी त्यांनी गाडीवर रंगाचा नवा हात दिला होता! सुट्टीत समुद्रावर जायचं, तर गाडी चकचकीत हवी, असा वुलानचाच हट्ट होता.

"ज्या दिवशी अपघात, त्याच दिवशी नवा रंग! ओरखडे लपवायला रंगाऱ्याला कितीसा वेळ लागतो?" पाक हांदोयो चहाच्या गाड्यावर चारचौघांत म्हणाले होते. बस, एवढं पुरलं. लोकांनी दिलेली कामं परत नेली. आता रविवारी सभा होती. पाक सुत्रिमान यांची रंगकामाची शेड वस्तीच्या जागेवर होती, आणि ती काढून घ्यायची की नाही हे तिथे ठरणार होतं.

"आणि बापाक एक शब्द बोलत नाहीत!" वुलान धुमसत म्हणाली. "मी विचारलं, तुम्ही भांडत का नाही? तर म्हणे, खरं असेल ते कळेलच लोकांना. कधी कळेल? शेड गेल्यावर?"

सेकार उठली. "वुलान ताई, म्हबाह म्हणते तुझे बापाक तसे नाहीत. पण तिचं कोण ऐकतंय? चल, वळणावर जाऊन बघू."

तिघंही निघाले. वळणावर रस्ता धुवून काढलेला होता, पण गटारात काचांचा खच अजून तसाच होता. गिलांग पॅन्ट वर करून चिखलात उतरला.

"शी! माझ्या आईनं मला या अवस्थेत पाहिलं, तर दुसरा अपघात होईल!" असं म्हणत त्याने काठीने काचा बाजूला केल्या. "आणि हे काय?"

अंगठ्याएवढा, हिरवा, प्लॅस्टिकचा तुकडा! मडगार्डच्या कडेचा!

वुलान तो घेऊन धावत शेडमध्ये आली. तिने तुकड्याची कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली. रंगाऱ्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. अशी कड घासली की रंगाचे थर एकाखाली एक उघडे पडतात. वरचा हिरवा गेला आणि त्याखाली राखाडी प्रायमर दिसला, मग नुसतं प्लॅस्टिक.

"काळा कुठाय?" ती ओरडली. "बापाकच्या गाडीच्या हिरव्याखाली काळा रंग आहे! हा आमचा तुकडा नाही!"

"सुटलो!" गिलांगने उडी मारली. "चल, दाखवू सगळ्यांना!"

"आणि ते म्हणतील, रंगाऱ्याच्या मुलीनं घरी बसून बनवला! नाही गिलांग. हा ज्याचा आहे, त्याच्याच तोंडून मला ऐकायचंय!"

दुसरी हिरवी गाडी कोणाची, हे सांगायची गरजच नव्हती.

पाक हांदोयो यांची गाडी त्यांच्या ओसरीवर, अगदी आतल्या कोपऱ्यात, चादर पांघरून उभी होती. वर पिवळा बल्ब जळत होता. हल्ली ते गाडी फक्त संध्याकाळनंतर बाहेर काढायचे.

"काय रे पोरांनो?"

"गाडी बघायची होती, पाक," गिलांगने चेहरा भोळा केला. "इतकी स्वच्छ गाडी वस्तीत दुसरी नाही, असं सगळे म्हणतात."

हांदोयोंची छाती फुगली. त्यांनी स्वतःच चादर ओढली. "बघा! पाच वर्षं झाली, साधा ओरखडा नाही! उन्हात ठेवतच नाही मी. नाहीतर काही लोक!" त्यांनी वुलानकडे तिरका डोळा टाकला.

वुलानने मुठी आवळल्या. मडगार्ड अखंड होतं, रंगही टाकीशी जुळत होता. पण चादर उचलताच तिच्या नाकात ओळखीचा वास शिरला होता. थिनरचा आणि ताज्या लॅकरचा! जिथे ओरखडा नाही, तिथे रंग कशाला?

"पण वास सभेत कसा दाखवणार?" बाहेर आल्यावर सेकार रडवेली झाली. "आणि रंग तर हुबेहूब जुळतोय!"

"बल्बखाली जुळतोय," वुलान थबकली. "बापाक दिव्याखाली कधीच रंग जुळवत नाहीत. आधी अंगणात, सकाळच्या उन्हात, मग परत दुपारच्या. का विचारलं तर म्हणतात, दिवा फसवतो. यांनी घाईघाईत कुठूनतरी संध्याकाळी, दिव्याखाली रंगवून आणलीय! ती उन्हात आलीच नाहीये, त्यामुळे फरक त्यांनाही माहीत नसेल!"

"मग आणू या की उन्हात!" गिलांग म्हणाला. "पण कशी?"

"आपण नाही आणायची. तेच आणतील," वुलान म्हणाली.

रविवारी सकाळी दहाला वस्तीचं सभागृह गच्च भरलं. छताला ट्यूबलाइट जळत होते. म्हबाह कार्सी प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून दाराजवळ बसल्या होत्या. पाक हांदोयो यांनी आपली गाडी लोकांना दाखवायला पहाटे अंधारातच सभागृहाच्या आत आणून लावली होती; सुत्रिमान यांची बाहेर अंगणात होती. वुलानचे वडील मान खाली घालून कोपऱ्यात बसले होते. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"गुन्हा झाकणाऱ्याला आपल्या जागेवर धंदा का करू द्यायचा?" हांदोयो गरजले. "ताज्या रंगाखाली काय दडलंय, ते आंधळ्यालाही कळेल!"

"बरोबर आहे!" वुलान उभी राहिली.

सभा चमकली. तिच्या वडिलांनी तर दचकून मान वर केली.

"पाक हांदोयो म्हणतात ते बरोबर आहे," ती दात-ओठ खात, पण गोड आवाजात म्हणाली. "नवा रंग लगेच ओळखू येतो. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी लावा. त्यांचा जुना रंग आणि आमचा नवा. होऊन जाऊ दे!"

"हो, होऊन जाऊ दे!" गिलांग मागून ओरडला. लोकांनीही माना डोलावल्या.

हांदोयो क्षणभर थबकले. पण ट्यूबलाइटखाली त्यांची गाडी झकास दिसत होती, आणि सुत्रिमानला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायची संधी सोडवेना. "होऊन जाऊ दे!" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने गाडी ढकलत बाहेर काढली आणि लख्ख उन्हात उभी केली.

लोक पुढे सरकून बघू लागले.

टाकी होती भाताच्या कोवळ्या रोपासारखी पिवळसर हिरवी. मडगार्ड मात्र निळसर! धडधडीत निळसर! शेजारी सुत्रिमान यांची गाडी उभी होती, तिचा रंग सगळीकडे सारखा.

वुलानने खिशातला तुकडा काढून हांदोयोंच्या टाकीवर ठेवला. तो त्या हिरव्यात दिसेनासाच झाला.

"हा म्हबाहच्या फुटलेल्या बाटल्यांत सापडला!" आता तिचा आवाज गोड नव्हता. "आमच्या गाडीला हिरव्याखाली काळा रंग आहे, यात नाही. पाच वर्षांत ओरखडा नाही म्हणालात ना? मग मडगार्ड कोणी रंगवलं? म्हबाह रस्त्यात पडल्या होत्या! तुम्ही थांबला नाहीत! आणि वर माझ्या बापाकवर ढकललंत!"

हांदोयो एक पाऊल मागे सरले. "मी... मी घाबरलो होतो. शेजारच्या गावात तुटलेली कड भरून संध्याकाळी रंगवून घेतलं. तिथे जुळत होतं..."

"घाबरलास?" म्हबाह कार्सी दारातून कडाडल्या. "मी चिखलात पडून हाका मारत होते रे!"

वस्तीप्रमुख पाक मारजुकी यांनी सचिवपदाचा शिक्का हांदोयोंकडून काढून घेतला. "पोलिसांकडे आपण दोघं आत्ताच जाऊ. आधी म्हबाहची माफी माग. मग सुत्रिमानची, इथेच, सगळ्यांसमोर." मग ते मुलांकडे वळले. "आम्ही एवढे मोठे, आणि नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला! तुम्ही तिघांनी आमचे डोळे उघडलेत. शाबास!"

हांदोयो दोघांसमोर वाकले. लोक सुत्रिमान यांच्याभोवती जमले. कोणी खांद्यावर हात ठेवत होतं, कोणी नेलेली कामं परत आणतो म्हणत होतं. वुलानला त्यांचाही रागच आला.

गर्दी ओसरल्यावर वडील तिच्याजवळ आले.

"रागावलीस माझ्यावर?"

"हो!" ती म्हणाली. "तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

पाक सुत्रिमान यांनी रंगाचे डाग पडलेले आपले हात पाहिले. "मला वाटलं, माझं काम बोलेल. चुकलं माझं. काम बोलत नाही गं, त्याच्या बाजूनं कोणालातरी उभं राहावं लागतं. मी उभं राहायला हवं होतं. तू राहिलीस."

वुलानला हुंदका आवरेना. इतके दिवस दाबून धरलेला सगळा राग वडिलांच्या शर्टात तोंड खुपसून तिने रडून काढला.