दोनदा बंद पडलेला अलार्म

एकदा बंद पडलेली वस्तू मधे सुरू न होता दुसऱ्यांदा बंद कशी पडेल? दहा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं पडलं, तेव्हा तिची आई घरातून निघून वीस मिनिटं झाली होती.

त्यांचं घर चंद्रवाडीत, म्हणजे चंद्रावरच्या मराठी वस्तीत. नाव वाडी, पण तिथे ना गोठा, ना कुत्रं. माणसं सगळी मिळून चाळीस. शेजारच्या तळावरचे लोक इंग्रजीत निरोप पाठवत आणि वाडीचा दुभाषी रोबो राघू ते मराठीत सांगे. राघू तसा हुशार, पण ‘ऑफ’ या एवढ्याशा शब्दाशी त्याचं कधी जमलं नाही. शेजारच्या डॉक्टरांनी ‘आय ॲम ऑफ टुमारो’, म्हणजे उद्या माझी सुट्टी, असं कळवलं, तर या पठ्ठ्याने ‘डॉक्टर उद्या बंद होणार’ अशी बातमी वाडीभर केली. ‘द मिल्क इज ऑफ’ म्हणजे दूध नासलंय, तर हा दुधाच्या पिशवीवर बटण शोधत बसला. लोक पोट धरून हसले आणि विसरून गेले.

आजचा निरोप हसण्यासारखा नव्हता. ‘रूफ अलार्म वेंट ऑफ ट्वाइस, टनेल फोर.’ राघूने त्याचं मराठी केलं: चार नंबरच्या बोगद्यातला छताचा अलार्म दोनदा बंद पडला. बोगद्याच्या छताला तडा जाऊ लागला, की हा अलार्म शेजारच्या तळावर वाजत असे. तोच बंद असेल तर तिथे काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका. शाल्मलीची आई रेवती वाडीची इंजिनिअर. तिने हत्यारांची पेटी उचलली आणि गाडी काढली. आता दहा मिनिटांत ती बोगद्याच्या तोंडाशी पोचणार होती, आणि बोगद्यात रेडिओ चालत नाही.

शाल्मली तडक आजोबांकडे गेली. नीळकंठ आजोबा भाषांचे अभ्यासक. राघूला मराठी त्यांनीच शिकवलं होतं. तिने ‘दोनदा’ची शंका सांगितली, तसा त्यांचा चेहरा उतरला. शेजाऱ्यांना विचारावं, तर निरोप पोचवणारा उपग्रह नुकताच क्षितिजाआड गेला होता. चाळीस मिनिटं तरी तो वर येणार नव्हता.

"मग आपणच शोधू," शाल्मली म्हणाली. "ऑफचा खरा अर्थ काय, आजोबा?"

घाई होती, तरी आजोबांनी नीट सांगितलं. ऑफ हा अनेकार्थी शब्द (ज्याचे एकाहून जास्त अर्थ होतात असा). त्याच्या मुळाशी ‘दूर जाणं, सुटं होणं’ आहे. माणूस कामापासून दूर गेला की सुट्टी, वीज दिव्यापासून दूर गेली की दिवा बंद. राघू संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता) मोजून अर्थ ठरवतो. यंत्रांविषयीच्या वाक्यांत ऑफ बहुतेक वेळा ‘बंद’ असतं, म्हणून त्याने तेच उचललं. त्याने संदर्भ (शब्दाचे शेजारी आणि प्रसंग) पाहायला हवा होता. दिव्याबद्दल ‘वेंट ऑफ’ म्हटलं तर दिवा गेला. पण अलार्मबद्दल म्हटलं, तर बहुधा तो वाजला.

शाल्मलीला हे पटेना. एकच शब्द ‘थांबणं’ही सांगणार आणि ‘सुरू होणं’ही? आईला असलं काही सांगितलं तर ती पुरावा मागणार. तिने डोळे मिटून आपल्याच भाषेत शोधायला सुरुवात केली. शाळा सुटली म्हणजे संपली. सवय सुटली म्हणजे थांबली. पण गाडी सुटली म्हणजे निघाली. आणि वारा सुटला म्हणजे तर सुरूच झाला; वारा तिने फक्त आजोबांच्या गोष्टींत ऐकला होता, तरी एवढं तिला माहीत होतं.

"आपलं ‘सुटणं’सुद्धा असंच आहे की," ती म्हणाली आणि रेडिओकडे धावली; आईच्या गाडीशी बोलायला उपग्रह लागत नसे.

आईने सगळं ऐकून घेतलं, पण गाडी थांबवली नाही. उद्या सकाळी बारा माणसं त्या बोगद्यात उतरणार होती. एका शब्दाच्या शंकेवर अलार्म नादुरुस्त ठेवायचा कसा, असं तिचं म्हणणं. शिवाय राघूने आजवर हजारो निरोप बरोबर सांगितले होते. बोगद्याचं तोंड आता आईला समोर दिसत असणार. शाल्मलीने माईक घट्ट धरला.

"आई, अलार्म बंद पडला असता तर एकदाच पडला असता. मधे तो दुरुस्त करायला कुणीच गेलं नव्हतं. दोनदा वाजू मात्र शकतो. तो वाजलाय, आई. छत हलतंय. मागे फीर."

रेडिओवर ऐकू येणारी गाडीच्या मोटरची घरघर थांबली.

आई बोगद्यापासून शंभर पावलांवर, गाडी वळवून थांबली. त्यानंतर अकराव्या मिनिटाला बोगद्याच्या छताचा घराएवढा तुकडा खाली आला. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही. गाडीच्या कॅमेऱ्यातून घरच्या पडद्यावर धूळ उडालेली दिसली आणि लगेच खाली बसली. शाल्मली खूप रडली.

मग नाक पुसून ती राघूसमोर बसली. शब्दाचे शेजारी आधी बघायचे, तिने त्याला बजावलं, आणि तरीही दोन अर्थ उरले तर आपल्या मनाने एक उचलायचा नाही, विचारायचं. आजोबा म्हणाले, कधीच न चुकणारं यंत्र कुणाला बनवता येईल असं त्यांना वाटत नाही, पण शंका आली की थांबून विचारणारी यंत्रं तिच्या पिढीने जरूर बनवावीत. शाल्मलीने मान हलवली. तिची सुरुवात झालीच होती.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "मी निघते," आई म्हणाली.

"‘निघते’चे दोन अर्थ होतात," राघू म्हणाला. "बोगद्याकडे निघता, की घराकडे?"

पलीकडे आई हसली की रडली, ते कळलं नाही. "घराकडे, राघू. शाल्मलीला सांग, घराकडे."