मागच्या दाराची खबर

टेहळणी पथकाचं काम ऐकायला मर्दुमकीचं, करायला कंटाळवाणं. लढायचं नाही. झुडपात पडून राहायचं, दिसेल ते पाहायचं आणि वायरलेसवर कळवायचं. हवालदाराची यात अकरा वर्षं गेली होती. बायको म्हणायची, "तरी घरातली हरवलेली किल्ली काही तुम्हाला दिसत नाही."

त्या दिवशी पहाटेपासून नजर ठेवायची होती टेकडीखालच्या एका ओसाड दुमजली घरावर. पुढचं दार हवालदाराकडे, मागचं त्याच्या जोडीदाराकडे. मध्ये तीसेक पावलं आणि बोलायला बंदी, म्हणून दोघांच्या मनगटांना एकच दोरी बांधलेली. एक हिसका म्हणजे मोकळं आहे, दोन म्हणजे कोणीतरी आलं. घर मोकळं असेल तर दहा जणांची तुकडी तिथे मुक्कामाला येणार होती. तुकडीचा वायरलेस हवालदाराच्या धाकट्या भावाकडे होता. 'त्याला सांभाळीन,' असा शब्द हवालदारानं आईला दिला होता.

धुकं उतरलं. ओल्या पाचोळ्याचा कुबट वास नाकात बसला, पाखरंही गप्प झाली. दर तासाला दोरीला एक हिसका येत होता, अगदी घड्याळ लावल्यासारखा. खबर देण्याआधी जोडीदाराला समक्ष भेटायचं, हा पथकाचा नियम. पण त्या चिखलातून सरपटायचं हवालदाराच्या जिवावर आलं. दोरी आहे की, असं म्हणून त्यानं कळवून टाकलं, "घर मोकळं. या."

तुकडी आली, घरात शिरली. तेव्हा कुठे तो जोडीदाराकडे सरपटत गेला.

जोडीदार दुर्बिणीवर कपाळ टेकून पालथा पडला होता. अंगावर जखम नव्हती. हात गार आणि ताठ. सकाळीच केव्हातरी गेला असावा. त्याच्या मनगटाला दोरी नव्हती. ती त्याच्या पाठीवरून पुढे, उतारानं खाली, थेट घराच्या मागच्या दारात गेली होती.

हवालदाराच्या मनगटाला दोन हिसके बसले.

त्यानं वायरलेस तोंडाशी धरला. "धाकल्या... सगळ्यांना घेऊन बाहेर पड. आत्ताच्या आत्ता."

"हळू बोल, दादा," भाऊ कुजबुजला. "सगळे झोपलेत."

"इतक्यात?"

"हो ना... पाठ टेकली आणि डोळा लागला. मी एकटाच जागा आहे. मी आणि तुझा जोडीदार."

हवालदारानं समोरच्या पालथ्या देहाकडे पाहिलं. "तो... काय करतोय?"

"माझ्या मनगटाला दोरी बांधतोय. म्हणतो, तुझ्या दादाचा हात भरून आला असेल... आता तू धर."

हवालदारानं दोन्ही हातांनी दोरी ओढली. ती सरसर सगळी हाती आली. टोकाच्या फासात कोणी नव्हतं. गाठ मात्र सुटलेली नव्हती, आणि ती कोमट होती.