शनिवारची किल्ली

"तुला गर्लफ्रेंड आहे?"

अख्ख्या वर्गासमोर अनुयानं विचारून टाकलं! पैज तिच्या मैत्रिणीची, तालीची होती, आणि पैजेला घाबरायचे अनुयाचे दिवस केव्हाच संपले होते.

शाळेची ट्रिप कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका जुन्या दगडी घरात आली होती. दीडशे वर्षांपूर्वी तिथं एक स्कॉटिश लोहाराचं कुटुंब राहायचं; आता ते म्युझियम. कॅलम आणि त्याचे आजोबा घर सांभाळायचे, वरच्या मजल्यावर राहायचे. पाहुणे आले, की कॅलम लोहाराचा थोरला मुलगा व्हायचा.

चुलीत कोळसा सारता सारता तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, या एका खोलीत आम्ही नऊ जण झोपतो. ती बसणार कुठे?"

"कोळशाच्या पेटीवर!"

त्यानं मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर काजळी... आणि डोळे हे असे हसणारे! "मग शनिवारी ये. पेटी पुसून ठेवतो."

झालं! शाळेसाठी तिला व्हॉलंटियरिंगचे तास भरायचेच होते. दर शनिवारी बाबा मिल्टनहून तिला सोडू लागले. कॅलम ओटच्या पिठाच्या जाड पोळ्या तव्यावर टाकायचा.

"ही तर आमची भाकरी!"

"मग थाप की."

तिनं थापली, मोडली, जाळलीसुद्धा. त्यानं ती काळी भाकरी चवीनं खाल्ली. "बेस्ट," म्हणाला, आणि तिच्या गालावरचं पीठ पुसता पुसता हात तसाच राहिला — क्षणभरच!

मार्चमध्ये एका शनिवारी ती आली, तर घर गप्प. भिंतीवरचं घड्याळ बंद. अय्या, किल्ली द्यायला विसरला वाटतं! तिनं उत्साहानं किल्ली फिरवली. टिक... टिक...

जिन्यावर कॅलम उभा होता. चेहरा पांढराफटक.

"बंद कर. प्लीज."

आजोबा पहाटे गेले होते. जुन्या स्कॉटिश रीतीनं घरात माणूस गेलं, की घड्याळ थांबवतात. दफन होईपर्यंत चालू करत नाहीत. त्यानंच ते थांबवलं होतं.

अनुयानं लंबक धरला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. आईनं केलेलं पिठलं-भात.

"आमच्यात माणूस गेलेल्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी जेवण आणतात."

"तू कुठली शेजारीण? मिल्टनची तू."

"गप. जेव."

कोळशाच्या पेटीवर दोघं खांद्याला खांदा लावून बसले. चार घास खाल्ले, आणि त्याला हुंदका फुटला.

दफन झाल्यावर त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "आता तू चालू कर."

टिक... टिक...

"तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस ना," तो खाली बघत म्हणाला, "तर... तेव्हा नव्हती. आता आहे. पण मला कॅल्गरीला जावं लागणार, आईकडे. उद्याच."

"वेडा," ती म्हणाली, "आधी सांगायचंस ना..." आणि त्याची बोटं घट्ट धरून ठेवली. बाहेर बाबांचा हॉर्न वाजला तरी.

रात्री जेवताना आई म्हणाली, "या शनिवारपासून मॅथचा क्लास, लक्षात आहे ना?"

"आई, बाबा, क्लास मी बुधवारी करेन. म्युझियम चालूच राहणार आहे; शनिवारी त्या घरी जाणार."

"अगं, पण तो मुलगा तर चाललाय ना?" बाबांनी हळूच विचारलं. गाडीत तिनंच त्यांना सांगितलं होतं.

अनुयाचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"म्हणूनच, बाबा. घड्याळाला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते. आता ती मी देणार."